करगोट्यावरची पहिली गाठ

१९ ऑगस्ट १९८६, मंगळवार. आज उपकेंद्रातलं लाकडी कपाट रिकामं करायला घेतलं. महिनाअखेरीस माझी बदली खालापूरला होते आहे. नवीन येणाऱ्या नर्सबाईंच्या हाती कपाट द्यायचं, तर ते कुजक्या कागदांसकट देणं मला पटत नाही. चालू नोंदवह्या एका बाजूला ठेवल्या, जुन्या दुसऱ्या बाजूला, आणि ओल लागून पानाला पान चिकटलेल्या खिडकीत वाऱ्याला. त्या खिडकीतल्या एका वहीतून जोडकार्ड खाली पडलं.

जोडकार्ड म्हणजे एकाला एक लागून असलेली दोन पोस्टकार्डं. एक आपण पाठवायचं, दुसऱ्यावर समोरच्याने उत्तर लिहून परत धाडायचं. या कार्डावर मुंबईच्या एका संशोधन संस्थेचा पत्ता होता आणि मजकुराच्या जागी एकच ओळ: ‘काटा हलला का?’ अक्षर सरांचं. सर जाऊन पावणेदोन वर्षं झाली. हे कार्ड त्यांनी माझ्याकडे पेटीत टाकायला दिलं होतं आणि मी ते टाकलं नव्हतं.

सर माझे घरमालक. कशेळ्याच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचे, एकटे राहायचे. मी मूळची दहिवलीची. त्र्याहत्तर साली इथे नेमणूक झाली तेव्हा चार ठिकाणी खोली विचारली. चारही ठिकाणी आधी नाव विचारलं, मग आडनाव, मग वडील काय करतात. आम्ही छप्पन सालानंतरचे बौद्ध. आडनाव ऐकल्यावर चौघांच्याही खोल्या नुकत्याच दुसऱ्याला दिलेल्या निघाल्या. पाचवं घर सरांचं. त्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता हातातल्या सामानाच्या पेटीकडे बघितलं.

“हिचं वजन किती?”

“कशाला?”

“खोली वर माळ्यावर आहे. एक फळी खचलीय. वीस किलोच्या वर नको.”

मला वजन माहीत नव्हतं. त्यांनी आतून आकड्याचा ताणकाटा आणला, पेटी त्याला अडकवून उचलली आणि गुडघे वाकवून सुई वाचली. “सतरा. या.” चौकशी एवढीच झाली. आडनाव त्यांना पुढे सहा महिन्यांनी कळलं, तेही माझं पत्र चुकून त्यांच्याकडे आलं म्हणून. तेव्हा म्हणाले, “पोस्टमन तुम्हाला ओळखत नाही अजून?”

ते मे महिन्यातसुद्धा लोकरीची कानटोपी घालायचे. डोकं गार पडलं की विचार गोठतो, असं त्यांचं म्हणणं. मनगटावरचं घड्याळ नेहमी बंद असायचं, पण ते रोज काढून पुसायचे. स्वतः स्वयंपाक करत आणि वाईट करत. त्यांच्या पिठल्यात लिंबाएवढाल्या गाठी असायच्या. एकदा मी म्हटलं, पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्या, गाठी होणार नाहीत. त्यांनी एक गाठ फोडून आतलं कोरडं पीठ बघितलं आणि म्हणाले, “होऊ देत. गाठी झाल्या नसत्या तर आपण नसतो.” मला तेव्हा वाटलं, हे पिठल्याबद्दल आहे.

गाठ हा त्यांचा शब्द. त्यावरून पहिल्याच महिन्यात माझी फजिती झाली होती. रविवारी पडवीत बसून ते चहा ढवळत होते. मी खाली उतरले तशी आपणहून म्हणाले, “सगळीकडे गाठी आहेत बाई. सुरुवात कुठे झाली तेच सापडत नाही.”

मी नर्स. मी चप्पल तिथेच सोडली. “कधीपासून?”

“फार जुनं आहे.”

“दुखतं?”

“दुखत नाही. झोप येत नाही मात्र.”

“वाढतायत?”

“तोच तर प्रश्न आहे. वाढल्या किती, ते कसं मोजायचं?”

तोवर मी त्यांची कानटोपी वर सरकवून मानेच्या दोन्ही बाजू चाचपल्या होत्या आणि सदऱ्याचं वरचं बटण सोडून काखेकडे निघाले होते. ते कप सांभाळत बसले होते. शेवटी म्हणाले, “बाई, मी आकाशाबद्दल बोलतोय.”

मग त्यांनी समजावलं. ते वर्गात कसे शिकवत मला माहीत नाही, पण पडवीत चांगलं शिकवत.

“जग सुरू झालं तेव्हा सगळं तापलेलं होतं, दाट धुक्यासारखं. एका टप्प्याला ते निवळलं आणि उजेड मोकळा झाला. तो उजेड अजून आपल्याकडे चालत येतोय. वाटेत गार झालाय, म्हणून डोळ्याला दिसत नाही, यंत्राला सापडतो. आठ-दहा वर्षांपूर्वीच सापडला. तो म्हणजे जगाचा तान्हेपणीचा फोटो.”

“काय आहे फोटोत?”

“काही नाही. चारी बाजूंनी सारखा. सारवलेल्या अंगणासारखा. आणि आज बघा, इथे ताऱ्यांचा एक झुबका, तिथे एक, मध्ये नुसतं रिकामं. सारवलेल्या अंगणाला एवढ्या गाठी आल्या कुठून? तेव्हाच कुठेतरी केसाएवढा उंचसखलपणा असणार. जिथे जरा जास्त होतं तिथे ओढ जास्त, म्हणून तिथे आणखी गोळा होत गेलं. तो केसाएवढा फरक त्या उजेडात मोजता आला तर तेव्हापासून आजवर वाढ किती झाली ते सांगता येईल. पण यंत्राचा काटा हलतच नाही.”

मी म्हटलं, “मग आम्ही करतो तेच की.”

“काय?”

“पोराचं नुसतं आजचं वजन काही सांगत नाही. जन्माचं पाहिजे. दोन असली की वाढ कळते. आमच्या वाड्यांवर बाळंतपणं घरी होतात, जन्माचं वजन कुणाचंच नसतं. मग आम्ही नुसतेच बघत बसतो.”

त्यांचा चमचा थांबला. उठले, आतून पेन्सिल आणली आणि पडवीच्या भिंतीवर लिहिलं: ‘दोन वजनं पाहिजेत. — नर्सबाई.’ पुढे दर दिवाळीला भिंतीला चुना लागला, तेव्हा त्या ओळीभोवती वीतभर जागा सोडून लागला.

दर दिवाळीनंतरच ते जोडकार्ड जायचं. मुंबईच्या संस्थेत कोण होतं देव जाणे, सही वाचता यायची नाही, पण उत्तर यायचं. ‘अजून नाही.’ एका वर्षी ‘नाही. याहून बारीक मोजत आहेत.’ सर ते कार्ड शाळेच्या पिशवीत दोन-तीन दिवस बाळगत आणि मग खिळ्याला लावत. मला हे सगळं बिनकामाचं वाटायचं आणि मी तसं बोलायचे. ते म्हणत, “सपाट दिसतं ते जवळून बघावं, बाई. बहुतेकदा आपणच लांब असतो.”

ग्रामपंचायतीत टीव्ही आला तेव्हा गाव कार्यक्रमाला जमायचं आणि सर कार्यक्रमाच्या आधी. सेट लावून ठेवला की पडद्यावर खरखर आणि काळे-पांढरे ठिपके यायचे, त्याला सगळे मुंग्या म्हणत. सर त्या मुंग्या बघत बसायचे. त्यातल्या अगदी थोड्या, शंभरात एखादी, त्या जुन्या उजेडाची असते म्हणे. पंचायतीचा शिपाई त्यांना दारातूनच विचारायचा, “सर, आज किती मुंग्या?”

“त्यातली आपली कुठली ते ओळखता येत नाही रे.”

“मंग दुसऱ्याच्या कशाला बघताव?”

चित्र सुरू झालं की सर उठून घरी यायचे.

आता मूळ गोष्ट. ती सांगायला मला आवडत नाही, पण ती वगळली तर हे कार्ड एवढी वर्षं या वहीत का होतं ते कळणार नाही.

पंच्याहत्तर साली माझ्याकडे डोंगराकडच्या पाच वाड्या होत्या. महिन्यातून एकदा झाडाच्या फांदीला काटा टांगायचा, झोळीत पोर घालायचं, सुई वाचायची, वहीत लिहायचं. महिन्याच्या अहवालाची नक्कल करायला मला वेळ नसायचा. सरांचं अक्षर चांगलं, म्हणून ती त्यांच्याकडे द्यायचे. एका रविवारी ते वही घेऊन माळ्याच्या जिन्यावर उभे.

“बाई, ही पोरं एकाच साच्यातून काढलीत का?”

“का?”

“पाच, साडेपाच, सहा, साडेसहा. मधे कुणीच नाही. पाच वाड्यांत एकही पोर सहा किलो दोनशे नाही?”

“झोळीत पोर पाय झाडतं, सुई नाचते. बाया उन्हात रांगेत उभ्या असतात. मी जवळचा अर्धा किलो धरते.”

“म्हणजे पोरं सपाट नाहीत. मोजणारं सपाट आहे.”

मला राग आला. उन्हात डोंगर चढून जाते मी, हा माणूस पडवीत बसून आकाश मोजतो. तसं बोलले. आणखीही बोलले, ते लिहीत नाही. तीन दिवस मी त्यांचा चहा घेतला नाही. त्यांनी तिन्ही दिवस कप जिन्यावर आणून ठेवला आणि गार झाल्यावर परत नेला.

चौथा दिवस बाजाराचा. ठाकरवाडीतली बुधी पोरीला कडेवर घेऊन आली. जनी तिचं नाव, दहा महिन्यांची. बुधी याआधी दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा तिचं एकच म्हणणं, पोर उतरतंय. दोन्ही वेळा मी वही उघडून दाखवली होती. ऑगस्ट साडेसहा, सप्टेंबर साडेसहा, ऑक्टोबर साडेसहा. फार वाढ नाही, पण उतरलीही नाही, अंगावर पाज, नाचणीची पेज दे, घाबरू नको. त्या दिवशी उपकेंद्रात रंग द्यायला काढला होता, म्हणून मी पडवीतच बसले होते. सर शाळेत निघाले होते.

“बाई, तुमचा काटा झोपलाय,” बुधी म्हणाली. “करगोटा सैल पडतोय पोरीचा.”

करगोटा म्हणजे पोरांच्या कमरेचा काळा दोरा. मी म्हटलं, “दोरा सैल पडतोच. ओला झाला, ताणला.”

“ताणला तर कमरंला असा घसरंल का? आन गाठ कुणी बांधली? मीच ना?”

सर दारातून परत फिरले. “बघू दे जरा तो दोरा.”

“काढायचा नसतो तो, मास्तर.” पण तिने पोरीला उभं धरलं मात्र, आणि दोरा आपसूक मांड्यांवर आला. मग तिने तो पायांतून काढून सरांच्या हातात दिला. “घ्या. काढायला नगं, पडतोच हाय.”

सरांनी दोरा उन्हात धरला. जिथे जिथे आधी गाठ होती तिथे तो चपटा झाला होता आणि रंग जरा उडाला होता. चार खुणा होत्या. बुधीने बोट ठेवून सांगितलं. “ही बारशाची. ही होळीची. ही आखितीची. ही आखाडातली. पोर वाढलं का गाठ सोडायची, फुडं बांधायची. आता चार दिसामागं बांधली ती बघा कुठं आलीय.”

गाठ आखितीच्या खुणेवर परत आली होती. उन्हाळ्यात होती तिथे.

सरांचं बोट बारशाच्या खुणेवर होतं. “पहिली गाठ,” ते म्हणाले. “बाई, हिच्याकडे पहिली गाठ आहे. सगळी वाढ आहे या दोऱ्यावर. आमच्याकडे—”

“मास्तर, दोऱ्याकडं काय बघताव,” बुधी म्हणाली. “पोरीकडं बघा.”

त्यांनी पोरीकडे बघितलं. मीही बघितलं, वहीशिवाय, बहुधा पहिल्यांदाच. मग मी पडवीच्या वाशाला काटा टांगला. जनी पाय झाडत नव्हती. तीन महिन्यांपूर्वी झाडायची. सुई एका जागी उभी राहिली, सहा किलो तीनशेवर. रांगेत असते तर मी हेही साडेसहाच लिहिलं असतं. ऑगस्टमध्ये ती किती होती? सहा सातशे असेल, तेही मी साडेसहाच लिहिलं असतं. मला ते कधीच कळणार नाही, कारण मी ते लिहिलेलं नाही.

दुपारच्या एसटीने मी दोघींना कर्जतला नेलं. निघताना सरांनी कानटोपी काढून जनीच्या डोक्यात घातली. ती तिच्या हनुवटीपर्यंत आली. त्यांचं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, एकदम पांढरं आणि लहान. बुधी म्हणाली, “मास्तर, तुमचा ईचार गोठंल की.” म्हणजे हे गावभर माहीत होतं.

कर्जतच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, फोटो काढला, घरात कुणाला खोकला आहे का विचारलं. सासऱ्याला होता, वर्षभराचा. प्रायमरी कॉम्प्लेक्स निघालं, म्हणजे पोरांचा क्षय. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “आणखी महिन्याने आणायची गरज पडली नसती.” सुया झाल्या, मग वर्षभर औषध. मी दर आठवड्याला वाडीवर गेले. त्यात कौतुकाचं काही नाही, ती नोकरीच आहे. सासऱ्यालाही औषध लावलं. होळीला बुधीने करगोटा पुढच्या खुणेवर बांधला आणि मुद्दाम पडवीत येऊन दाखवून गेली. टोपी काही परत आली नाही, ती आजही बुधीच्या कुडाला खुंटीवर आहे.

सर मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी कर्जतहून परत आले त्या दिवशी जिन्यावर चहा होता, गरम होता, मी घेतला. पुढच्या रविवारी त्यांनी माझी नवी वही मागितली आणि पट्टीने रकाने आखून दिले. किलोचा एक, ग्रॅमचा एक. त्यांच्याही आधी एक छोटा, त्याच्यावर लिहिलं होतं, ‘शून्य पाहिलं?’ रिकाम्या झोळीला सुई शून्यावर आहे का ते दर पोराआधी बघायचं आणि खूण करायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा रकाना कुठल्या नमुन्यात आहे? मी म्हटलं, कशेळ्याच्या. अकरा वर्षं तो रकाना मी प्रत्येक वहीत आखते आहे.

नंतर एका वर्षी कार्डाचं उत्तर जरा लांब आलं. सरांनी माळ्यावर येऊन वाचून दाखवलं. ‘फरक दिसला आहे, हजारात एक. परंतु तो आपण स्वतः सरकत असल्यामुळे. तो वजा केल्यास उरलेले सपाट.’

“म्हणजे पोर हललं म्हणून सुई हलली,” मी म्हटलं.

“अगदी तेच.”

“मग थांबायचं. पोर गप्प होईपर्यंत.”

“किती?”

“ते पोरावर आहे,” मी म्हटलं. ते हसले आणि कार्ड खिळ्याला लावायला गेले.

चौऱ्याऐंशीची दिवाळी झाली आणि त्यांनी मला हे कार्ड दिलं. पोस्टापर्यंत चालताना त्यांना दम लागायला लागला होता. मी त्यांना कर्जतला चला म्हणून सांगितलं होतं, ते सहामाही परीक्षेचे पेपर तपासून झाले की येतो म्हणाले. “टाकाल ना?” “वाडीवरून येताना टाकते,” मी म्हटलं आणि कार्ड वजनाच्या वहीत ठेवलं. त्या दिवशी उशीर झाला, पोस्ट बंद. दुसऱ्या दिवशी बाळंतपण होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर पंचायतीत मुंग्या बघायला बसले. कार्यक्रम सुरू झाला तरी ते उठले नाहीत. शिपायाला आधी वाटलं, आज चित्र आवडलं असेल.

मला बोलावणं आलं तेव्हा टीव्ही बंद केलेला होता. नाडी बघायची म्हणून बघितली. त्यांचं बंद घड्याळ काढून पदरात बांधलं, त्यांच्या भाच्याला तार करायला सांगितलं आणि चहाचा कप जिन्यावर राहिला होता तो धुऊन ठेवला. वही संपली, कपाटात गेली. कार्ड मी साफ विसरले. अर्धा किलो इकडे की तिकडे धरणारी बाई, ती काही पूर्ण जात नाही अंगातून.

आज ते कार्ड मी पुसलं. एका कोपऱ्याला बुरशी आहे, पत्ता शाबूत आहे. दर वाढलेत, म्हणून दोन्ही अंगांना जास्तीचं तिकीट लावलं. यायच्या कार्डावरचा सरांचा पत्ता खोडून खालापूरच्या उपकेंद्राचा घातला. सरांच्या ओळीखाली मी लिहिलं: ‘विचारणारे सर आता नाहीत. प्रश्न आहे. उत्तर मला कळवावे.’ खाली हुद्दा लिहिला, कारण कार्यालयाला पत्र लिहिताना तो लिहायचा असतो. मग उरलेलं कपाट आवरलं. ती वही रद्दीत टाकली नाही.

२० ऑगस्ट, बुधवार. आज वाडीचा वजनाचा दिवस होता. सकाळी आधी पोस्टात गेले. पेटीत न टाकता कार्ड खिडकीतून हातात दिलं आणि शिक्का पडेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग वाडी गाठली, चिखल झाडून काटा आंब्याला टांगला. बुधी धाकट्या जावेचं पोर घेऊन रांगेत पहिली होती. मी रिकामी झोळी अडकवली आणि सुई थांबायची वाट बघत राहिले.

“बाई,” बुधी म्हणाली, “दर खेपंला ते रिकाम्या झोळीचं वजन कुणाचं घेताव?”

“शून्याचं.”

“भरलं का?”

सुई केसभर पुढे होती. मी स्क्रू फिरवून ती मागे आणली, वहीत खूण केली आणि पोर मागितलं.